सायकलीमागचा हूक

आमच्या घाटंजीत ब्रेक नसलेल्या सायकली पुष्कळ होत्या, घंटी नसलेल्या तर विचारूच नका. पण मागे लोखंडी हूक असलेली सायकल एकच होती, आणि ती नेमकी आमच्या शेजारी राहायची. तिचे मालक हिरामण राठोड. मागच्या चाकापाशी हातभर लांबीचा दांडा, त्याच्या टोकाला वळवलेला जाडजूड हूक, आणि दांडा वर धरून ठेवायला पायाजवळ एक खिट्टी. घर जवळ आलं की राठोडभाऊ टाचेने खिट्टी सरकवायचे, दांडा धाडकन खाली पडायचा, ते स्वतःशीच "हूक डाउन" म्हणायचे आणि गल्लीतली कुत्री निमूटपणे उठून बाजूला व्हायची.

आमची ओळख झाली ती माझ्या दोरीवरून. ते राहायला आले त्याच आठवड्यातली गोष्ट. शनिवारी संध्याकाळी मी भाजी घेऊन घरी येते, तर माझी कपडे वाळत घालायची दोरी जागेवर नाही. कपडे ओट्यावर चौकोनी घड्या करून, एकावर एक रचून ठेवलेले. अशा घड्या आमच्या घरात कोणी कधी घातल्या नव्हत्या. आणि दोरी? ती त्यांच्या कडुनिंबापासून आमच्या खांबापर्यंत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन विटांवरून आडवी ताणलेली. दोन्ही टोकांना सायकलच्या जुन्या ट्यूबा बांधलेल्या. मी तोंड उघडायच्या आत चढावरून एक पिवळी जर्सी घातलेला माणूस सायकलवर सुसाट आला. चाकं दोरीवरून गेली, मागचा हूक दोरीत अडकला, ट्यूबा ताणल्या, आणि सायकल माझ्या तुळशीपासून हातभर अंतरावर थांबली.

"दोरी लगित चांगली आहे बाई तुमची," तो माणूस उतरत म्हणाला. "जरा बी नाही तुटली."

मी त्यांना दोरीबद्दल काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईला ते शोभत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा दोरी सोडली. कपड्यांच्या घड्या मात्र आणखी सुबक होत्या.

राठोडभाऊ इथल्याच जवळच्या बंजारा तांड्यावरचे. छप्पन साली घर सोडून नौदलात गेले. नदीच्या डोहापेक्षा मोठं पाणी तोवर त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पुढे विक्रांत हे विमानवाहू जहाज आणायला जे लोक विलायतेला गेले, त्यात हेही होते. विलायतेबद्दल विचारलं तर एवढंच सांगायचे, "थंडी होती. जर्सी तिथंच भेटली." यवतमाळच्या मे महिन्यातही ती जर्सी अंगावरून उतरायची नाही.

जहाजावर त्यांचं काम विमानं लावण्याचं. त्यांनी मला ते इतक्यांदा समजावलं आहे की आता मीही एखादं उतरवीन. समुद्रात हलणाऱ्या जहाजाच्या पाठीवर जेट विमान थांबवायचं तर तिथे आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात. विमानाच्या शेपटीखाली हूक असतो. तो तारेत अडकला की विमान थांबलं. नाही अडकला तर पायलटने तसंच पुन्हा उडायचं, गोल फिरायचं आणि परत यायचं. आणि येणारं विमान वाकडं दिसलं, तर त्याला लांबूनच खूण करून परत फिरवायचं. त्याला म्हणतात वेव्ह-ऑफ.

हा वेव्ह-ऑफ त्यांनी घाटंजीत आणला. नोकरीची दहा वर्षं संपवून आल्यावर ते जिनिंग फॅक्टरीत आवार सांभाळायला लागले. कापसाच्या दिवसांत तिथे बैलबंड्यांची ही गर्दी. पूर्वी बंडीत बंडी अडकायची, बैल बुजायचे, शिव्यांनी दिवस सुरू व्हायचा. आता फाटकाशी पिवळी जर्सी उभी. दोन्ही हात वर करून ते बंडीला आत घ्यायचे, डावा हात हलला की डावीकडे, उजवा हलला की उजवीकडे, मुठी आवळल्या की थांबायचं. बंडी वाकडी आली की दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवून "वेव्ह-ऑफ". मग गाडीवानाने फॅक्टरीला पूर्ण वळसा घालून पुन्हा यायचं. गाडीवान कुरकुरायचे, पण बैलांना पटलं होतं.

एकदा मी त्यांच्याकडे दिवाळीचं ताट घेऊन गेले आणि पायरीवर पदरात पाय अडकून धडपडले. समोरून हात हलले. "गोल फिरून या बाई." मी चिडले तेव्हा फार प्रेमाने म्हणाले, "वेव्ह-ऑफ म्हंजे अपमान नाही. तुमी या वक्ती नीट येऊन नाही राह्यले, एवढंच. पुन्हा या." मी ताट घेऊन विहिरीला वळसा घालून पुन्हा आले. हे मी अजून घरात सांगितलेलं नाही.

संध्याकाळी चहाच्या हॉटेलात बसून ते सी हॉक विमानांच्या गोष्टी सांगायचे. आपल्या जहाजावरची ही लढाऊ जेट विमानं. तिकडे गोऱ्यांनी ती हळूहळू काढायला घेतली तेव्हा आपण घ्यायला लागलो, त्यामुळे हॉटेलातले लोक मुद्दाम "जुनी विमानं" म्हणून डिवचायचे.

"जुनी असन, पण पंख घडी करते थे," राठोडभाऊ म्हणायचे आणि दोन्ही कोपरं वर मुडपून, बगळ्यासारखे उभे राहून दाखवायचे. जहाजाच्या पोटात जागा कमी, म्हणून उतरलं की विमानाने पंख मुडपायचे आणि लिफ्टने खाली जायचं. गोव्याच्या वेळी हीच विमानं घेऊन जहाज समुद्रात फिरत होतं, हे ते छाती काढून सांगायचे. मग कोणीतरी हळूच पासष्टच्या लढाईचं विचारायचं. तेव्हा जहाज नेमकं गोदीत, दुरुस्तीला. राठोडभाऊंचा चेहरा पडायचा.

"जहाज बसलं होतं, विमानं नाही. थे काठावरून उडत होते," असं म्हणून ते चहा अर्धा टाकून उठायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचे.

तांड्याच्या लोकांना समुद्राची भीती वाटली नाही का, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "आमचे बापजादे बैलांवर मीठ लादून मुलुख फिरले. जहाज बी तसंच आहे बाई. पाण्यावरचा तांडाच थो. फक्त बैलाच्या जागी विमानं."

असा हा माणूस. अठ्ठावीस-तीसचा, कष्टाळू, निर्व्यसनी, आणि एकटा. हे मला बघवेना. लोकांचे संसार मांडून देण्याची मला आधीच खोड, त्यात शेजारीच असं रिकामं घर. माझ्या शाळेतले चव्हाण गुरुजी त्यांच्याच समाजातले. त्यांची पुतणी शेवंता, सातवी पास, हसतमुख मुलगी. मी गुरुजींच्या मागे लागले, गुरुजी आपल्या थोरल्या भावाच्या मागे लागले, आणि एके दिवशी शेवंताचे वडील दमणी जुंपून मुलगा बघायला आले. त्यांना वाटलं, आधी कामाच्या जागी जाऊन पाहावं. म्हणजे थेट जिनिंगच्या फाटकात.

दमणी वाकडी आत आली.

होणाऱ्या सासऱ्याला राठोडभाऊंनी दोनदा वेव्ह-ऑफ दिला. तिसऱ्यांदा दमणी सरळ आली तेव्हा तिला जागेवर घेतलं, चाकांना दगड लावले आणि मग वाकून रामराम केला. पण पाहुणा मोठ्या मनाचा. घरी आल्यावर मला म्हणाला, "मानूस शिस्तीचा आहे बाई. पोरगी देतो. पण थो सायकलीचा हूक काढायला सांगा. लोक हासतेत. माह्या पोट्टीले लोकं हूकवाल्याची बायको म्हनतीन."

अट काही वावगी नव्हती. मी हसत हसत राठोडभाऊंना सांगायला गेले.

"हूक निघनार नाही," ते म्हणाले.

"अहो, मुलगी चांगली आहे."

"पोरगी चांगलीच असन. हूक निघनार नाही."

मी समजावलं, रागावले, शेवटी माझी शाळेतली भाषा सुटली. "तुमाले लगन करायचं आहे का सायकलीसंगच राह्यचं आहे? एका लोखंडाच्या तुकड्यापायी काहून घालवता सोन्यासारखी पोरगी?"

ते बराच वेळ खिट्टीला तेल देत बसले. मग वर न बघता म्हणाले, "रविवारी गुरुजींले घेऊन तांड्यावर या. मी मागून येतो. पाहा, अन् मंग तुमीच सांगा काढू का."

रविवारी सकाळी मी आणि चव्हाण गुरुजी बंडीने तांड्यावर गेलो. मनात ठरवलं होतं, त्यांच्या आईलाच गाठायचं आणि तिच्याकडून हूक काढून घ्यायचा. तांडा उताराच्या पायथ्याशी. पहिल्याच घरासमोर वाटेवर आडवी दोरी ताणलेली, खाली दोन विटा, टोकांना ट्यूबा. मी गुरुजींकडे पाहिलं, गुरुजींनी माझ्याकडे.

आई दारातच बसली होती. भरतकामाची जुनी ओढणी, हातभर पांढऱ्या बांगड्या, डोळे लकलकीत. याडी, असं सगळे तिला म्हणत होते. आईला त्यांच्यात हाच शब्द. तिने आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी समुद्राकडून आले का? माह्या हिरामनले पाह्यलं का जहाजावर?"

मला काही कळेना. आतून राठोडभाऊंची भावजय आली. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं ते असं. राठोडभाऊ एकदा रजेवर आले होते, तेव्हा याडी खोदून खोदून विचारायची, कायमचा कधी येशील, कसा येशील. यांनी गमतीत सांगितलं, विमानातूनच येतो, तू इथे दोरी बांध आणि हात वर करून उभी राह्य. हातांच्या खुणाही शिकवल्या. याडी हसली, पण शिकली. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिचं डोकं विस्कटत गेलं. माणसं ओळखेना, पण ती खूण आणि ती दोरी तेवढी राहिली.

"मंग भाऊजी नौकरी सोडून आले," भावजय म्हणाली. "यष्टीतून उतरून पायी आले, पेटी खांद्यावर घेऊन. याडीनं त्याहिले पावना समजून पानी देल्लं. अन् इचारलं, माह्या पोराले पाह्यलं का म्हून."

त्याच्या पुढच्या आठवड्यात राठोडभाऊंनी लोहाराकडून हूक करून घेतला होता.

इतक्यात याडी उठली. उतारावर, वर, पिवळा ठिपका दिसत होता. ती दोरीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली, ओढणीची दोन टोकं दोन हातांत धरली आणि हात वर केले. तांड्यातली कामं होती तिथे थांबली. शेळ्या हाकणारा माणूस शेळ्या अडवून उभा राहिला. सायकल खाली यायला लागली, वेगाने, धूळ उडवत, आणि दगड चुकवताना जराशी डावीकडे सरकली.

याडीने डोक्यावर दोन्ही हात आडवे हलवले. वेव्ह-ऑफ.

राठोडभाऊंनी पाय टेकले, सायकल फिरवली आणि तो सबंध चढ हाताने सायकल ढकलत पुन्हा चढले. कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही.

दुसऱ्या खेपेला ते नाकासमोर आले. याडीचे हात तसूभरही हलले नाहीत. चाकं दोरीवरून गेली, हूक अडकला, ट्यूबा ताणल्या आणि सायकल तिच्यापुढे येऊन थांबली. तिने मुठी आवळल्या. मग त्याच मुठी सोडून त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"मार छोरा आगो," ती सगळ्यांना सांगू लागली. माझा पोरगा आला. शेळीवाल्याला सांगितलं, मला सांगितलं, गुरुजींना दोनदा सांगितलं. मग त्यांना ओट्यावर बसवून, अंगावरची धूळ पुसत विचारलं, रजा किती दिवसांची.

"रजा नाही याडी," राठोडभाऊ म्हणाले. "कायमचा आलो."

तिचा चेहरा असा फुलला की मी दुसरीकडे पाहिलं. दिवस कलेपर्यंत ती त्यांना हिरामणच म्हणत होती. भावजय म्हणाली, रात्री झोपली की पुसून जातं. पुढच्या रविवारी राठोडभाऊ पुन्हा कायमचे येणार.

निघताना चव्हाण गुरुजी दिसेनात. पाहते तर ते वाटेवर उकिडवे बसून, दोरीच्या धक्क्याने कलंडलेली वीट नीट उभी करत होते. घाटंजी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "भावाले मी सांगतो. हूक राहूनच लगन होईन. नाहीतर त्याले म्हनतो, तूच गोल फिरून पुन्हा ये."

लग्न उन्हाळ्यात झालं. नवरदेव जर्सी काढायला तयार झाला, एवढ्यावरच मी समाधान मानलं. आता रविवारी शेवंता मागे कॅरिअरवर बसून जाते, आणि वजन वाढल्यामुळे, राठोडभाऊंच्या मते, सराव जास्त लागतो. म्हणून शनिवारी संध्याकाळी मी दोरीवरचे कपडे आधीच काढून घेते, विटा मांडते, आणि खांबाची गाठ एकदा ओढून पाहते.