कुवारपाड्याचा समुद्र

धुळे जिल्ह्याला समुद्र नाही. ही गोष्ट जिल्ह्यातल्या लोकांना ठाऊक आहे, भूगोलाच्या पुस्तकाला ठाऊक आहे आणि शासनालाही बहुधा ठाऊक असावी. तरीही ‘जेलीफिश उद्रेक माहिती’ नावाचा तक्ता दर तीन महिन्यांनी जिल्हा जलचर नोंद कक्षात येई आणि सारिका सोनवणे तो भरून पाठवी. सगळ्या रकान्यांत ‘निरंक’. सहा वर्षांत एकदाही उशीर झाला नाही म्हणून तिला प्रशस्तिपत्रही मिळालं होतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात हिलाल मोरे पाण्याची बाटली घेऊन कक्षात आला. नरडाण्याच्या पलीकडे, आडवळणाला कुवारपाडे नावाचं गाव आहे. तिथला तलाव मच्छीमार सोसायटीकडे होता आणि सोसायटी म्हणजे मुख्यतः हिलाल आणि त्याची बायको कुंदाबाई. बाटलीत रुपयाच्या नाण्याएवढ्या, काचेसारख्या छत्र्या उघडझाप करत होत्या. तलावात अशा हजारो होत्या, आणि पंधरा दिवसांपूर्वी सोडलेली माशांची पिल्लं काडीसारखी झाली होती.

“ताई, ह्या छत्र्या मासास्ना घास खाई ऱ्हायन्यात,” हिलाल म्हणाला. “बठ्ठी पिल्लं उपाशी शेतस.”

सारिकाने बाटली पिशवीत घातली आणि जळगावची एसटी धरली. तिथल्या एका कॉलेजात ज्योत्स्ना चौधरी प्राणिशास्त्र शिकवत. त्यांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ही गोड्या पाण्यातली जेलीफिश. माणसाला तिचा उपद्रव नाही. ती दगडाला, सिमेंटला चिकटून वर्षानुवर्षं गुपचूप पडून राहते. पाणी तापलं, शेतातलं खत वाहून आलं, तिच्या खाण्यात वाटेकरी असणारे मासे संपले, की एका दमात वर येते आणि पाण्यातले बारीक जीव फस्त करते. माशांची पिल्लं त्याच जिवांवर वाढतात. कुवारपाड्यात सगळंच जुळून आलं होतं. जूनच्या दोन सरींनी कपाशीचा युरिया तलावात आणून सोडला, मग पावसाने ओढ दिली. देशी मासे लोकांनी कधीच संपवले होते आणि काठाला गेल्या वर्षी सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या होत्या.

सारिका परत आली आणि तिने नोकरीत पहिल्यांदाच त्या तक्त्यात ‘होय’ भरलं. पोर्टलने विचारलं, समुद्रापासून अंतर किती? तिने दोनशे किलोमीटर लिहिलं. पोर्टल शून्य ते पाच यांपलीकडचा आकडा घेईना. ती साहेबांकडे गेली. भूपेंद्र देवरे साहेब शांत गृहस्थ होते.

“शून्य टाका,” ते म्हणाले. “शून्य टाकलं म्हणजे काहीच टाकलं नाही.”

सारिकाने शून्य टाकलं आणि चौथ्या दिवशी कुवारपाडे शासनदरबारी किनारी गाव झालं. तलावावर ‘भरती-ओहोटीची वेळ पाहूनच पाण्यात उतरा’ असा फलक लागला. दोन जीवरक्षक रुजू झाले. त्यातल्या एकाला पोहता येत नव्हतं, पण पाणी कमरेएवढंच असल्याने कोणाची हरकत नव्हती. त्सुनामीची रंगीत तालीम झाली. अख्खं गाव मारुतीच्या टेकडीवर चढलं आणि शेवभाजी-भाकरी खाऊन तिथल्या गार वाऱ्यात झोप काढून उतरलं. गावाला समुद्र आवडू लागला.

पण किनाऱ्यावर जुलैअखेरपर्यंत मासेमारीला बंदी असते. ती तलावालाही लागू झाली. आता छत्र्या काढायला जाळं टाकायचं तर गुन्हा. जीवरक्षकांनी हिलालचं जाळं रीतसर पंचनामा करून जप्त केलं. पुढे चौकशी समिती आली. तिने समुद्र खवळण्यामागे हिलालच्या होडीचा हात असल्याचा संशय व्यक्त केला आणि उपाय म्हणून काठावर आणखी सिमेंट, हिरवळ आणि हिरवळीला भरपूर खत सुचवलं. शिरपूर-भुसावळपासून लोक गाड्या भरभरून येऊ लागले. फोटो काढून झाले की पत्रावळी पाण्यात सोडू लागले. छत्र्या दुप्पट झाल्या.

हिलाल पुन्हा कक्षात आला, तेव्हा त्याने बाटली आणली नव्हती. जाळ्याच्या पंचनाम्याची प्रत त्याने टेबलावर ठेवली.

“ताई, हाऊ समुद्र आते कव्हय जाई?”

हा समुद्र कधी जाणार, असं विचारणाऱ्या त्याच्याकडे सारिकाला बघवेना. त्या दुपारी तिने बंदीचा आदेश काढून ओळीवर बोट ठेवत वाचला. ‘कोणत्याही प्रकारचा मासा पकडण्यास मनाई.’ तिने ज्योत्स्नामॅडमना फोन करून विचारलं, जेलीफिश हा मासा आहे का? मुळीच नाही, त्या म्हणाल्या, नावातच काय तो मासा. सारिकाने ते लेखी मागून घेतलं, सही-शिक्क्यासह. हिलालचं जाळं तिने त्याच कागदावर सोडवलं.

पुढचे चार दिवस हिलाल, कुंदाबाई, दोन्ही जीवरक्षक आणि साडी खोचून स्वतः सारिका तलावात होते. जाळ्याला मच्छरदाण्या जोडल्या होत्या. घमेली भरभरून छत्र्या निघाल्या. नंतर पावसानेही जोर धरला, पाणी गार झालं. महिन्याभरात पिल्लं बोटाएवढी झाली. निम्मी गेली होती, निम्मी वाचली. कुंदाबाईने सारिकाला ओटी भरून घरी पाठवलं.

आठवड्याने सारिकाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. पर्यटकांच्या तक्रारी आल्या होत्या. शासकीय किनाऱ्यावरील जेलीफिश विनापरवाना नष्ट का केली, आणि ती पूर्ववत होण्यासाठी काय लागेल, याचा खुलासा तीन दिवसांत मागवला होता.

तिने ज्योत्स्नामॅडमनी सांगितलेलंच जसंच्या तसं लिहून दिलं. तापलेलं पाणी, वाहून येणारं खत, संपलेले मासे, काठाला सिमेंट, आणि हे सगळं बघूनही गप्प बसणारं गाव. शेवटचं तिने रागाने घातलं होतं. देवरे साहेबांना खुलासा फार आवडला. त्यांनी तोच ‘जेलीफिश पर्यटन ग्राम’ योजनेचे पात्रता निकष म्हणून मंजूर करून घेतला आणि धुळे-जळगावच्या गावांकडून अर्ज मागवले.

एकशे त्रेचाळीस अर्ज आले. छाननी सारिकाने केली. एकही अर्ज बाद करता आला नाही.

पात्र गावांची यादी कक्षाबाहेर लावली आहे. तुमच्या गावाचं नाव तिच्यात दिसलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. अर्ज करायचा राहिला असेल, एवढंच.