चिटणीसकाका आणि हृदयाचा फोटो

जयपूरच्या वैशाली नगरातल्या आमच्या इमारतीत चिटणीसकाकांच्या दारात गेलं, की आधी श्वास रोखून धरावा लागे. काका घड्याळावर नजर लावून उभे. "रोखा! हलायचं नाही!" दूधवाला भैयासुद्धा कॅन खाली ठेवून निमूट गाल फुगवायचा. पंधरा सेकंद झाले, की काका म्हणत, "पास!"

मूळचे सातारचे, विमा कंपनीतून निवृत्त झालेले काका तालमीशिवाय कुठलीही गोष्ट करत नसत. बदली होऊन मी इथे आलो, तेव्हा गॅसच्या अर्जाचीसुद्धा त्यांनी माझ्याकडून तालीम करून घेतली होती. आताचं निमित्त काकूंचं होतं. त्यांना मधूनच छातीत जड वाटे, म्हणून डॉक्टरांनी हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन सांगितला होता. मशीन शहरात नवंच आलेलं. नाडी पासष्टच्या खाली हवी आणि फोटो निघेपर्यंत श्वास रोखायचा, एवढं कळल्यावर काकांना आवरणार कोण? काकूंचा चहा बंद, सासू-सुनांच्या मालिका बंद. त्यावरून जे भांडण झालं, त्यात काकूंची नाडी शंभरावर गेली.

"मला काहीएक झालेलं नाही," काकू म्हणत. "पित्त आहे."

स्कॅनच्या सकाळी मी दोघांना गाडीतून घेऊन गेलो. मशीन स्वतःच बसवल्याच्या तोऱ्यात काकांनी तंत्रज्ञाला सांगितलं, "चिंता मत करो भैया, प्रॅक्टिस एकदम पक्की है।"

त्याने काकूंना विचारलं, "माताजी, सीढ़ियाँ चढ़ते हुए कभी रुकना पड़ता है?"

"कभी नहीं," म्हणत काकू उठल्याच. "ऐकलंत ना? चला घरी. मी त्या मशीनमध्ये जाणार नाही."

काका आडवे आले. "सातव्या पायरीला थांबतेस तू. दिवाळीपर्यंत अकराव्या पायरीला थांबायचीस."

"मी थांबते? अहो, रोज खिसे चाचपत तुम्ही थांबता! तुम्हाला किल्ली सापडत नाही, म्हणून मी थांबते!"

काका हळू आवाजात म्हणाले, "किल्ली हातातच असते माझ्या. मी चढत राहिलो असतो, तर तूही थांबली नसतीस."

स्कॅनला गळ्यात धातूचं काही चालत नाही. काकूंनी मंगळसूत्र काढलं, काकांच्या मुठीत ठेवलं आणि तंत्रज्ञाकडे वळून म्हणाल्या, "कहाँ लेटना है?"