संचालकांचा कान

"गिऱ्हाईक सॉफ्टवेअर पाहून घेतच नाई, माणूस पाहून घेते," धनंजय म्हणाला. "वेबसाइटवर 'आमचं नेतृत्व' असं पान टाका. वाचूनच ऑर्डर आली पाहिजे."

बोरगाव मेघेतल्या त्या कंपनीत नेतृत्व म्हणजे दोनच माणसं. कारखान्यातलं कुठलं मशीन कधी तपासायचं, कधी तेल द्यायचं, हे सांगणारं सॉफ्टवेअर ते विकत. संचालक धनंजय पूर्वी विमा विकायचा. सुरभीनं ते सॉफ्टवेअर बनवलं होतं, आणि त्याआधी एका सूतगिरणीच्या देखभाल खात्यात उमेदीची सगळी वर्षं घातली होती. पान लिहायचं काम अर्थात तिच्याकडेच आलं. स्वतःबद्दल तिनं एकच वाक्य लिहिलं : 'नुसता आवाज ऐकून मशीनचा बिघाड ओळखतात.'

धनंजयला ते इतकं आवडलं, की त्यानं ते स्वतःच्या फोटोखाली घेतलं.

"सर, ते माझं आहे."

"कंपनीचंच आहे ना, मॅडम? संचालकाच्या नावानं वजन येते."

सुरभीच्या फोटोखाली आलं : 'हसतमुख व मेहनती.' फोटोत ती हसत नव्हती.

थोड्याच दिवसांत देवळीकडच्या कापसाच्या एका जिनिंगचे मालक अण्णाजी यांचा फोन आला. "साहेब, ऐन हंगामात माहं मशीन किंचाळून राह्यलं. तुमी येऊन कान लावा. बिघाड सापडला त सॉफ्टवेअर आजच घेतो."

गाडीत धनंजयनं बेत सांगितला. "ऐका तुमी, बोलतो मी. डावं बेअरिंग खराब असन त एकदा खोका. उजवं असन त दोनदा."

"सर, तिथं रुई उडते. सगळेच खोकतात."

"म्हणून त कोणाले संशय येणार नाई."

जिनिंगच्या दारातच सुरभीला पहिली उबळ आली. धनंजयनं पेचकस मशीनला टेकवला, त्याची मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, "डावं." फिटरनं मशीन थांबवून डावं बेअरिंग उघडलं. ते नव्यासारखं चकाकत होतं. सुरभी नको म्हणायला गेली आणि दोनदा खोकली. उजवं उघडलं, तेही धडधाकट. मग तिला अशी ढास लागली, की धनंजयचा हिशेबच चुकला. त्यानं शेजारच्या मशीनकडे बोट केलं.

"साहेब, ते त बंद आहे," अण्णाजी म्हणाले.

"म्हणूनच," धनंजय गंभीरपणे म्हणाला.

फिटरनं तेही उघडलं. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग फाटकापर्यंत गेली होती, गाडीवाले अण्णाजींना हाका मारत होते. सुरभीला ते पाहवेना. तिनं ओढणीनं तोंड पुसलं.

"अण्णाजी, सगळे बेअरिंग चांगले आहेत. पट्टा ढिला आहे, तो किंचाळते. मी नुसती खोकत होती, साहेब त्याचा अर्थ लावून राह्यले होते. आन् वेबसाइटवरचं ते वाक्य माझं आहे. सूतगिरणीत मी होती, हे नाई."

फिटरनं उघडलेलं सगळं बंद केलं, पट्टा ताणला, मशीन सुरू केलं. किंचाळणं थांबलं. सुरभीला वाटलं, झालं एकदाचं. आज काय व्हायचं ते होऊ दे.

अण्णाजींनी धनंजयकडे पाहिलं. मोठा जाणकार बोलावलाय, असं त्यांनी अख्ख्या देवळीत सांगून ठेवलं होतं.

धनंजय मंद हसला. "मुद्दाम चुकून दाखवा लागते, अण्णाजी. त्याशिवाय खालची माणसं तोंड उघडत नाईत. केव्हा बोलते तेच पाहून राह्यलो होतो मी."

अण्णाजींच्या चेहऱ्यावर रंग आला. त्यांनी धनंजयचा हात दोन्ही हातांत धरला, ऑर्डर पक्की केली, आणि निघताना त्याला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे सुरभीला नीट ऐकू जाईल इतकंच.

"पोरगी तोंडाची जरा फटकळ आहे, साहेब, पण कामावून काढू नका. तुमच्या हाताखाली होईन तयार."

पोरगी बेचाळीस वर्षांची होती.

देवळीच्या बसस्टँडवर सुरभीनं गाडी थांबवायला लावली आणि उतरली. आपण बसनं जाऊ म्हणाली. धनंजयनं काच खाली केली.

"उद्या जरा लवकर येजा, मॅडम. अण्णाजीचं काम तुमालेच करा लागीन."

"किती वाजता?" सुरभीनं विचारलं, आणि त्या दिवशी तिला सगळ्यांत जास्त राग आला तो या प्रश्नाचा.