हिरव्या पाकिटाची ड्यूटी

यंत्र माणसाने घडवलेलं असलं, तरी ते चालू राहणं माणसाच्या हातात नसतं, हे सत्य शुईकेंग गावच्या कुटुंबनोंदणी कार्यालयाने फार पूर्वी ओळखलं होतं. म्हणून तिथल्या प्रत्येक यंत्रावर नारळाच्या चवीच्या कुरकुऱ्यांचं एक हिरवं पाकीट ठेवलेलं असे. पाकिटावरच्या अक्षरांचा अर्थ ‘शहाण्यासारखं वाग’ असा होतो, आणि यंत्रांना वाचता येतं याबद्दल तैवानमध्ये कुणाला शंका नाही. बँका, कारखाने, इस्पितळं, सगळीकडे हीच पद्धत आहे. शुईकेंगचं वैशिष्ट्य एवढंच, की इथे ती नियमानुसार राबवली जाई.

नियम साधे होते. पाकीट हिरवंच हवं (पिवळं ठेवलं तर यंत्र संभ्रमात पडतं). त्याची मुदत संपलेली नसावी. तोंड लोकांकडे असावं, आणि काही झालं तरी ते कुणी खाऊ नये. कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे मागच्या नऊ वर्षांत यंत्रं एकशे चौदा वेळा बंद पडली होती. एकशे चौदाही वेळा पाकीट आपल्या जागेवर हजर होतं. यावरून पाकिटाने कामात कधीही कसूर केली नाही, हे सिद्ध होतं.

अशा या कार्यालयात नवा लॅपटॉप आला, आणि तो लावायची जबाबदारी लाइ यूशान या कारकून बाईंवर पडली.

यूशान अडतीस वर्षांची होती, कामाला वाघ होती, आणि त्या लॅपटॉपशी तिचा संबंध केवळ सरकारी नव्हता. येत्या गुरुवारी तिचं लग्न त्याच यंत्रावर नोंदलं जायचं होतं. नवरा मुलगा लो छोंगयी, स्कूटर दुरुस्तीवाला. त्याच्या आईने पंचांग पालथं घालून मुहूर्त काढला होता: गुरुवार, सकाळी नऊ ते अकरा. नंतरचा तसा मुहूर्त तेरा महिन्यांनी. शेजारच्या गावच्या कार्यालयातही नोंद होऊ शकली असती, पण ते पश्चिमेला होतं आणि त्या दिवशी पश्चिम वर्ज्य होती.

‘‘मुहूर्त चुकला तर तेरा महिने थांबायचं,’’ सासूबाईंनी आधीच बजावलं होतं. ‘‘मला काय, मी सत्तर वर्षं थांबलेय.’’

यूशानला थांबायचं नव्हतं. छोंगयीला हो म्हणायला चार वर्षं लागली होती, आणि तेरा महिन्यांत तो पुन्हा विचार करायला बसला तर काय, या काळजीने तिला घास गोड लागत नव्हता.

लॅपटॉप लावण्याचं काम रीतसर सुरू झालं. आधी मालमत्ता विभागाने त्याच्या पोटावर सरकारी मालकीचं लेबल चिकटवलं. मग यंत्र हळू चालतं म्हणून त्याची मेमरी वाढवायचं ठरलं. मेमरी घालायला पोट उघडावं लागतं, पोट उघडायला स्क्रू काढावा लागतो, आणि स्क्रू नेमका लेबलाखाली आला होता. सरकारी लेबल फाडणं हा गुन्हा आहे. तेव्हा लेबल फाडण्याच्या परवानगीचा अर्ज, लेबल फाटल्याचा पंचनामा आणि नव्या लेबलाची मागणी असे तीन कागद झाले. मेमरी बसवायला सहा मिनिटं लागली. (नवं लेबल त्याच स्क्रूवर चिकटवण्यात आलं. जागा ठरलेली असते.)

मेमरी वाढल्याच्या आनंदात यंत्राने स्वतःला अद्ययावत करून घ्यायला घेतलं आणि ‘कृपया मला बंद करू नका’ असं सांगून ते दीड दिवस गप्प बसलं. मंगळवारी दुपारी ते जागं झालं, तेव्हा लक्षात आलं की ते इतकं सडपातळ आहे की नेटवर्कची वायर खुपसायला त्याला भोकच नाही. मग एक जोडतुकडा मागवला. तुकडा आला, वायर लावली, पण नेटवर्क काही मिळेना.

कार्यालयप्रमुख ज्येन साहेब स्वतः उठून आले. त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं नाही. भिंतीवरच्या छोट्या कपाटात नेटवर्कची पेटी होती, तिच्यावर गेली कित्येक वर्षं एक पाकीट एकट्याने ड्यूटी बजावत होतं. त्याच्याकडे ते बघत राहिले.

‘‘यूशानबाई, यंत्रं किती वाढली?’’

‘‘एक, साहेब.’’

‘‘आणि पाकिटं?’’

‘‘एकही नाही, साहेब.’’

‘‘मग कसं चालेल? माणूस वाढला की खुर्ची वाढवतो ना आपण?’’

तर्क बिनतोड होता. दोन पाकिटं आणून पेटीवर ठेवली. त्याच वेळी जिल्ह्याहून आलेला इंजिनियर श्यू याने जोडतुकड्यात अर्धवट बसलेली वायर अंगठ्याने आत दाबली. टक् असा आवाज झाला आणि नेटवर्क आलं. श्यूचा अंगठा कुणी पाहिला नाही, पाकिटं सर्वांनी पाहिली.

बुधवारी सकाळी सगळ्याच कार्यालयाचं नेटवर्क गेलं. पेटीवर आणखी दोन पाकिटं चढली. अर्ध्या तासाने ते आपोआप आलं, दहा मिनिटांनी पुन्हा गेलं. पुन्हा दोन पाकिटं. दुपारपर्यंत कपाटात अकरा पाकिटं झाली. वर, बाजूंना, मागच्या फटीत, बाळंतिणीला गुंडाळतात तशी ती पेटी गुंडाळली गेली, आणि कपाटाचं दार जेमतेम लागू लागलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, तसा प्रकार इथे मुळीच नव्हता. इथे इंजेक्शन अगदी योग्य ठिकाणी दिलं जात होतं, आणि आजार त्यातूनच येत होता.

गुरुवारी नवाच्या ठोक्याला छोंगयी, त्याची आई आणि अर्जावर सह्या केलेले दोन साक्षीदार हजर झाले. छोंगयीने इस्त्रीचा सदरा घातला होता, पण नखांत ग्रीस होतंच. स्वतःचं लग्न स्वतः नोंदवायला नियमाने बंदी असल्याने यूशान काउंटरच्या बाहेर उभी राहिली आणि ज्येन साहेब लॅपटॉपसमोर बसले. पडद्यावर अक्षरं आली: नेटवर्क उपलब्ध नाही.

साडेनऊ झाले. दहा झाले. श्यूने लॅपटॉप तीनदा बंद करून सुरू केला.

‘‘कागदावर नाही का लिहून घेता येणार, साहेब?’’ यूशानने विचारलं.

‘‘कागदाची पद्धत यंत्र आल्यावर बंद झाली ना! तुम्हीच तर परिपत्रक टाइप केलं होतं.’’

‘‘जाऊ दे,’’ छोंगयी हळूच म्हणाला, ‘‘आपण तेरा महिन्यांनी...’’

‘‘तू तोंड मिटून उभा राहा,’’ यूशान म्हणाली. त्यांच्या सहजीवनाची सुरुवात खरं म्हणजे इथेच झाली, पण तिची नोंद करायला यंत्र बंद होतं.

दहा पंचवीसला सासूबाई बाकावरून उठल्या. मुहूर्त लागेपर्यंत काही खायचं नाही म्हणून त्या पहाटेपासून उपाशी होत्या. काही खायला मिळतंय का पाहत त्या भिंतीशी गेल्या, त्यांनी कपाट उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

‘‘अगं बाई! एवढा खाऊ दडवून ठेवलाय, आणि म्हातारी तिकडे भुकेने मरतेय!’’

‘‘आजी!’’ ज्येन साहेब खुर्चीवरून ताडकन उठले. ‘‘हात लावू नका! ती पाकिटं ड्यूटीवर आहेत!’’

‘‘माझा नवरा चाळीस वर्षं रेल्वेत ड्यूटीवर होता. जेवत होता की.’’

त्यांनी पाकीट फाडलं. कुर्रकन आवाज झाला. एक साक्षीदार नकळत दोन पावलं मागे सरकला. सासूबाईंनी मूठभर कुरकुरे तोंडात टाकले, ‘‘गरम आहेत की, भट्टीतून काढल्यासारखे,’’ अशी दाद दिली, आणि उरलेली दहाही पाकिटं नातवंडांसाठी पिशवीत भरली.

दहा एकेचाळीसला पेटीवरचा दिवा लागला.

साहेब धावत जाऊन खुर्चीत बसले. दहा बावन्नला लो छोंगयी आणि लाइ यूशान कायद्याने नवरा-बायको झाले, आणि यूशान सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडली.

डोळे पुसून ती कपाटाशी गेली आणि तिने पेटीला हात लावला. पेटी अजून चटका देत होती. काय घडलं होतं ते तिला लख्ख कळलं. छोंगयीनेही हात लावला.

‘‘इंजिनावर गोधडी टाकल्यावर ते बंद पडणारच,’’ तो पुटपुटला. ‘‘सांगायचं का त्यांना?’’

यूशानने वळून पाहिलं. ज्येन साहेब सासूबाईंपुढे कमरेत वाकून उभे होते, आणि सासूबाई ते वाकणं पदरात झेलावं तसं झेलत होत्या. लग्नाला चार मिनिटं झाली होती. सासूचा चमत्कार खोटा ठरवायला हा मुहूर्त काही बरा नव्हता.

‘‘तू तोंड मिटून उभा राहा,’’ ती म्हणाली.

चौकशी अहवाल आठवड्यात आला. त्यात नमूद केलं होतं की पाकीट ठेवण्याने यंत्र चालतं हा समज अपुरा आहे; ते उपाशी सासूने खाल्ल्याने चालतं. सासूबाईंची मानद तांत्रिक सल्लागार म्हणून नेमणूक झाली. दर सोमवारी त्या येतात, कपाटातली पाकिटं रिकामी करतात आणि जातात. तेव्हापासून शुईकेंगचं नेटवर्क एकदाही गेलेलं नाही. (पद्धत यशस्वी ठरल्याने जिल्ह्यातल्या इतर कार्यालयांनी सासवांची मागणी नोंदवली आहे. श्यूने बदली मागितली आहे.)

हे वाचून ज्यांना शुईकेंगच्या लोकांची कीव आली, त्यांच्यासाठी अहवालाला एक छोटी प्रश्नावली जोडली आहे. घरचं इंटरनेट गेलं की आपण पेटीची वायर काढता आणि मनात तीस आकडे मोजता. तीसच का? एकोणतीसला काय होतं? आणि तेविसाव्या आकड्याला कुणी हाक मारली, की पुन्हा एकपासून मोजायला आपल्याला कुणी शिकवलं?

उत्तरं सासूबाईंच्या सहीने पाठवावीत.