ज्याने उठवली, त्याने बसावं

दुपारी अडीच वाजता सावकाश आपल्याच खुराड्यात झोपायला गेला आणि तिथून पुढे सगळं बिघडलं.

सावकाश हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण 'पाणी सोड', 'कुंपण बांध', काहीही सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं : "करू की, सावकाश." चाळीस वर्षं हेच ऐकून लोक त्याचं खरं नाव विसरले, आणि आठवण करून देण्याचे कष्ट त्यानेही घेतले नाहीत. आळशी माणसाबद्दल लोक उगाच गोड बोलतात. म्हणे, स्वभावाने शांत आहे! शांत वगैरे काही नसतं हो. त्याच्या वाटची कामं दुसरं कुणीतरी उपसत असतं, म्हणून त्याला शांत राहायला परवडतं. या घरात ते दुसरं कुणीतरी म्हणजे त्याची बायको.

खुराड्याची जागा मात्र नंबर एक होती. वर दाट झाड, खाली ओलसर गार माती, दोन्ही बाजूंनी वारा. सावकाशचा तिच्यावर दोन वर्षं डोळा होता. कोंबड्या काढाव्यात, खाट टाकावी आणि उरलेलं आयुष्य तिथे काढावं, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. आणि दैवही त्याच्याच बाजूचं दिसत होतं. बायकोने पिल्लं काढायचे दोन प्रयत्न केले, दोन्ही फसले. पहिली खेप बल्बच्या पेटीत उकडून निघाली. दुसऱ्या वेळी वीज गेली आणि अंडी गारठली. तेव्हा सावकाशने आईसमोर विषय काढला.

"आता पुरे की. मोडू या ते खुराडं."

"तिसरी खेप कोंबडीखाली ठेवणार आहे," बायको म्हणाली. "एकही पिल्लू नाही निघालं तर मोडा खुशाल. पण एक जरी निघालं, तर वर्षभर पहाटे पाचला उठून खुराडं तुम्ही झाडायचं."

"मंजूर!" सावकाश म्हणाला. पाच ही वेळ पहाटेही येते, हे त्याला नीटसं माहीत नव्हतं.

"मी साक्षीदार," आई म्हणाली, आणि विषय संपला. त्या घरात आईचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

तिसऱ्या खेपेला बायकोने हेडमास्तरीण बसवली. ही काळी, तुरेवाली कोंबडी चालायचीच अशी, की वाटावं आता कुणाला तरी छडी बसणार. ती खुडूक होऊन अकरा अंड्यांवर बसली ती बसलीच. दिवसातून एकदा उठायची, चार दाणे टिपायची, पाणी प्यायची, पुन्हा जागेवर. बायकोने जुना, काच तडकलेला मोबाइल सुतळीने खांबाला बांधला होता. त्यात दिवसभराचं चित्रण व्हायचं आणि संध्याकाळी ती त्यातलं मिनिटभर कापून, त्यावर आपला आवाज टाकून, शेतावरचा रोजचा दिवस म्हणून लोकांना दाखवायची. "दिवस बारावा. हेडमास्तरीणबाई जागेवर आहेत. गायीने आज बादली लाथाडली. दोडक्याला फूल आलं." हे बघणारे लोक एक्केचाळीस. त्यातला एक तिचा भाऊ, तो दोन फोनांवरून बघायचा.

सतराव्या दिवशी ऊन मरणाचं होतं. सावकाश उशी काखेत मारून खुराड्यात शिरला, हेडमास्तरिणीच्या टोपलीला पाठ टेकली आणि घोरू लागला. त्याचं घोरणं म्हणजे घाटात अडकलेला ट्रक. हेडमास्तरिणीने त्या सतरा दिवसांत वादळ सोसलं होतं, कुत्रं सोसलं होतं, एकदा तर साप सोसला होता. हे मात्र तिला सोसवेना. ती उठली, सावकाशच्या पोटावर पाय देऊन उतरली, दारातून बाहेर पडली आणि गोठ्याच्या छपरावर जाऊन बसली. पुन्हा आलीच नाही.

बायको परतली तेव्हा अंडी कोमट होती.

"अहो! कोंबडी कुणी उठवली?"

"मला काय विचारतेस? मी दिवसभर शेतात होतो."

बायकोने खांबावरचा मोबाइल सोडला. सासू-सुना पायरीवर शेजारी शेजारी बसल्या आणि त्यांनी ते चित्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. मध्ये एकदा आई म्हणाली, "मागं घे गं जरा, ती पोटावरून उतरते ते परत बघू."

मग आई उठली. "ज्याने उठवली, त्याने बसावं."

"म्हणजे?" सावकाशने विचारलं.

"म्हणजे चार दिवस राहिलेत. दुसरी कोंबडी खुडूक नाही. पेटीचा भरवसा नाही. तुझ्या अंगात ऊब आहे आणि तुला काम नाही. खाटेवर पड."

आता खरं सांगायचं तर सावकाशला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. चार दिवस पडून राहायचं, आणि तेही आईच्या हुकमाने! चेहरा दुःखी ठेवून तो खाटेवर आडवा झाला. बायकोने त्याच्या दोन्ही कुशींना पाच पाच अंडी लावली, अकरावं पोटावर ठेवलं, वरून गोधडी घातली, गोधडीत गरम पाण्याच्या बाटल्या सारल्या आणि मोबाइल खिडकीच्या गजाला बांधला.

"झोपू ना मग?"

"झोपायचं नाही, पडायचं. झोपलात आणि कूस बदललीत, की आम्लेट."

तासाभरात सावकाशला कळलं, की जगात पडून राहण्याइतकं कष्टाचं काम नाही. पाठीला खाज आली. खाजवायचं नाही. शिंक आली. ती त्याने इतकी दाबली, की डोळ्यांतून पाणी आलं. आयुष्यात कधी न झालेली इच्छा त्याला झाली : उठून विहिरीपर्यंत चालत जावं, आणि जमल्यास दोन बादल्या पाणी शेंदावं.

"अगं, मला जरा बाहेर जायचंय," तो दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाला.

"सकाळी तर जाऊन आलात! हेडमास्तरीण दिवसातून एकदाच उठायची."

"मी माणूस आहे गं!"

"म्हणूनच दोनदा सोडते." तो जाऊन येईपर्यंत आई अंड्यांवर गरम पंचा धरून बसायची आणि बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात आकडे मोजायची.

त्या संध्याकाळी बायकोने आपल्या एक्केचाळीस माणसांना सांगितलं, "दिवस अठरावा. हेडमास्तरीणबाई रजेवर आहेत. बदलीवर आमचे हे." आणि गोधडीतून नुसतं डोकं बाहेर असलेला सावकाश दाखवला.

एकोणिसाव्या दिवशी सावकाशच्या डोक्यात पाप आलं. आपण हे कशासाठी करतोय? पिल्लं निघाली तर वर्षभर पहाटे खराटा. नाही निघाली तर खुराडं आपलं, खाट आपली, वारा आपला. गोधडीची एक कड जरा उचलली तर? नुसती हवा लागली तर? त्याने पायाच्या अंगठ्याने कड उचलली. खिडकीतला मोबाइल त्याच्याकडे बघत होता. त्याने कड खाली सोडली. पाच मिनिटांनी पुन्हा उचलली. मोबाइल बघतच होता.

या उचलाउचलीत त्याला वारा लागला आणि दुपारी ताप भरला. जवळ डॉक्टर एकच, तो जनावरांचा. गायीच्या पायाला औषध लावायला आलाच होता, त्याला आत बोलावलं.

"पेशंट कोण?"

"अंडी," आई म्हणाली.

"मी!" सावकाश किंचाळला.

डॉक्टरने थर्मामीटर काढून साबणाने दोनदा धुतला. "हा मी एरवी तोंडात लावत नाही," तो म्हणाला, पण कुठे लावतो ते सांगितलं नाही. आकडा बघून मात्र तो खूश झाला. "साडेनव्व्याण्णव! अहो, उबवणीला अगदी हेच लागतं. पुस्तकात दिलेलं!"

बायकोचा चेहरा उजळला. "काही वरखाली?"

"मुळीच नको. असाच राहू दे. आणि आजपासून अंडी हलवायची नाहीत. यांनाही हलवू नका."

"पण मला तापावर गोळी?" सावकाशने क्षीण आवाजात विचारलं.

"परवा घ्या," डॉक्टर म्हणाला, आणि आईने तेवढ्यात गोळ्यांची डबी पदराआड केली.

विसाव्या दिवशी पहाटे सावकाश तापात नुसता छताकडे बघत पडला होता. डाव्या काखेतून आवाज आला : चिव.

त्याने श्वास रोखला. चिव. आवाज अंड्याच्या आतून येत होता. आत कुणीतरी होतं, आणि त्याला काहीतरी सांगत होतं. सावकाशने मान वाकडी करून काखेकडे तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "काय रे?" चिव. "आहे, आहे. मी इथेच आहे. सावकाश ये."

बायको चहा घेऊन आली आणि तिने सवयीने गोधडीला हात घातला. सावकाश तिच्या अंगावर असा खेकसला, की कपातला अर्धा चहा बशीत आला.

"वारा लागेल त्यांना! दार लाव आधी!"

ती चार पावलं मागे सरली. "आई, अहो बघा ना, हे असं काय करतायत?"

आईने दारातूनच पाहिलं. डोळे लाल, मान आखडलेली, केस उभे, अंग फुगवून गोधडीवर पसरलेला आपला मुलगा. "जवळ जाऊ नकोस गं," ती म्हणाली. "खुडूक झालाय. चावेल."

एकविसाव्या दिवशी अकरापैकी नऊ अंडी फुटली. ओली, लुकडी, आधी कुणालाही आवडणार नाहीत अशी नऊ पिल्लं सावकाशच्या काखांतून बाहेर आली आणि तासाभरात वाळून पिवळे गोंडे झाली. सावकाश ढसाढसा रडला. पैज हरलो म्हणून नव्हे, हे त्याने तीन वेळा सांगितलं. आईने सुनेकडे पाहून एवढंच म्हटलं, "उद्या पाचला उठव त्याला."

पण उद्याची गोष्ट वेगळीच झाली. बायकोच्या एक्केचाळीस माणसांची रात्रीत चार लाख झाली होती. गोधडीतला सावकाश घरोघर पोचला होता. खाली लोकांनी लिहिलं होतं : काय ही माया! असा नवरा सगळ्यांना मिळो! पुरुषाचं काळीज असंही असतं!

आता सांगा, यात काय बोलायचं? कोंबडी सतरा दिवस अर्धपोटी बसली, तिला कुणी 'काय ही माया' म्हटलं नाही. बायकोने दोन वर्षं रोज पहाटे विष्ठा खरवडली, तिच्या काळजाची चौकशी कुणी केली नाही. पुरुष चार दिवस खाटेवर पडला, तेही शिक्षा म्हणून, तर चार लाखांचा गळा दाटून आला! अशा लोकांना अंड्यांवर बसवलं पाहिजे, आणि अंडी दगडाची दिली पाहिजेत.

सावकाशला मात्र लोकांचं ते कौतुक पटलं. कोंबडीपालकांच्या मेळाव्याने त्याला भाषणाला बोलावलं आणि तो इस्त्रीचा सदरा घालून गेला. "अंड्यांशी बोलावं लागतं," त्याने तिथे सांगितलं. "कोंबडीला ते कुठून जमणार? तिच्यात चिकाटी नाही. मध्येच उठते." टाळ्या पडल्या. "यापुढे आमच्याकडची अंडी मीच उबवणार!" तो बोलून गेला. आणखी टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बायको बसली होती. तिच्या हातात तडकलेल्या काचेचा मोबाइल होता, आणि तो चालू होता.

घरी आल्यावरही त्याने खुराडं झाडायचं टाळलंच. आज पाहुणे आलेत, उद्या फोन यायचाय, परवा घसा बसलाय. खराटा कोपऱ्यात उभा होता, तसाच उभा राहिला. आईने दोनदा आठवण करून दिली. बायकोने एकदाही नाही. सावकाशला यात काही वावगं वाटलं नाही. आळशी माणसाला दुसऱ्याच्या गप्प बसण्याची भीती वाटत नाही, तिथेच तो फसतो.

तीन आठवड्यांनी, भर दुपारी, सावकाश खाटेवर पडून आपलंच भाषण मोबाइलवर ऐकत होता. दार ढकललं गेलं. उंबऱ्यावर हेडमास्तरीण उभी होती. इतके दिवस ती छपरावरच राहायची, दाणे टिपण्यापुरती खाली यायची. तिने खोली पाहिली, खाट पाहिली, गोधडी पाहिली. मग मोजकी पावलं टाकत आली, टुणकन खाटेवर चढली, सावकाशच्या कुशीत ऐसपैस बसली, एक अंडं घातलं, आणि मागे वळूनही न बघता निघून गेली.

"अगं!" सावकाश ओरडला. "हे बघ काय करून गेली!"

बायको दारात आली. तिच्या मागून तांबडी कोंबडी आत शिरली, तिच्या मागून ठिपक्यांची, तिच्या मागून लंगडी. खुराड्यातली एकेक टोपली बायकोने सकाळीच धुऊन, उन्हात पालथी घातली होती. कोंबड्यांना घालायला दुसरी मऊ जागाच उरली नव्हती.

"आई, किती आल्या?"

"चार," आई म्हणाली. ती रांगेच्या शेवटी पाट टाकून बसली होती. "अजून सात यायच्यात. तोवर हलू नकोस रे."

"अगं, पण चार दिवसांत माझी ती अवस्था झाली! हे तर पूर्ण एकवीस!"

"तुम्हीच शब्द दिलाय. चार लाख माणसांनी ऐकलाय."

सावकाशने घाम पुसला. तांबडी त्याच्या पोटावर चढत होती. "खुराडं!" तो एकदम म्हणाला. "खुराडं झाडायचं राहिलंय माझं! पैज हरलोय मी! पहाटे पाचला काय, चारला उठतो. आत्ता झाडतो. खराटा द्या कुणीतरी!"

चाळीस वर्षांत त्या माणसाने पहिल्यांदाच कामाला हत्यार मागितलं होतं. पण द्यायला कुणी मोकळं नव्हतं. आई अंडी मोजत होती, कोंबड्या रांगेत होत्या, आणि बायको खिडकीच्या गजाला सुतळीची गाठ मारून झाल्यावर घसा साफ करत होती.

"दिवस पहिला," ती म्हणाली. "आमचे हे जागेवर आहेत."