'ओ'वरची दोन टिंबं

"संध्याकाळच्या आत आपल्या इमारतीचा साउना ढगात," ताइस्तोंनी शुक्रवारी सकाळी कॉफी ओतता ओतता जाहीर केलं.

"आणि आपण?" त्यांच्या मुलीने, हिल्लाने, विचारलं.

"आपण खालीच. भट्टी तळघरात आहे."

ताइस्तोंची हयात लिफ्टच्या दुरुस्तीत गेली होती. निवृत्तीनंतर संध्याकाळच्या वर्गात जाऊन ते वेबसाइट बनवायला शिकले आणि तेव्हापासून संगणक ही त्यांना आडवी घातलेली लिफ्टच वाटू लागली: बटण दाबायचं, माहिती वर जाते, दुसरं दाबायचं, खाली येते. साउनाच्या, म्हणजे सगळ्या इमारतीच्या सामायिक वाफेच्या खोलीच्या, दाराशी नावांच्या लाकडी पट्ट्यांचा एक फळा होता. पट्टी अडकवली की तो तास तुमचा. तांपेरे शहरातल्या त्या इमारतीत पट्ट्यांवरून जेवढे अबोले झाले, तेवढे वाटण्यांवरून झाले नसतील. म्हणून ताइस्तोंनी फोनवरून वेळ धरायची सोय केली. यंत्रणा चालली नाही तर वार्षिक सभा हे काम बाहेरच्या कंपनीला देणार होती. चालणारच, या खात्रीने त्यांनी सकाळीच फळा उखडला आणि तिथे नव्या पानाचा पत्ता चिकटवला.

पान देखणं होतं. फक्त लोकांनी धरलेल्या वेळा ढगातल्या, म्हणजे दूरच्या कुठल्याशा संगणकावरच्या, साठ्यात जाऊन बसायच्या होत्या, आणि साठा दार उघडेना.

"कोणत्या पत्त्यावरून येणाऱ्यांना आत घेऊ, असं विचारतोय," हिल्ला म्हणाली.

"दिलाय की पत्ता."

हिल्लाने वाकून पाहिलं. ताइस्तोंनी रस्ता, इमारत, जिना आणि पिनकोडही घातला होता. फ्लॅटची घंटा बिघडल्याची सूचना तेवढी राहिली होती.

"बाबा, त्याला यंत्राचा पत्ता हवाय. आकड्यांचा."

"मग तसं स्पष्ट विचारावं. पोस्टमन तरी बरा."

आकडे घातले. ताइस्तो पलीकडच्या खोलीत जाऊन ओरडले, "चाललं का?"

"नाही."

"माझ्या फोनवर 'आभारी आहोत, तुमची वेळ ठरली' असं आलंय!"

"आभार आलेत. वेळ कुठेच नाही."

ताइस्तोंनी आभार आधी आणि नोंद मागाहून, असं लिहून ठेवलं होतं. माणसाला ताटकळत ठेवू नये, एवढाच विचार. नोंद झाली नाही तरी आभार मात्र चोख पोचत होते.

हिल्लाने साठ्याला जोडणारी ओळ पुन्हा वाचली. पासवर्ड होता 'ल्योल्यू': तापल्या दगडांवर पाणी ओतलं की उठते ती वाफ. त्यांच्या लिपीत त्या शब्दातल्या 'ओ'च्या डोक्यावर दोन टिंबं असतात.

"हीच अडतायत बहुतेक. काढून टाका."

"टिंबं काढली तर शब्दाला अर्थच उरत नाही. माझी आजी माणसाच्या श्वासालाही हाच शब्द वापरायची. माझ्या आजीचा श्वास मी एका यंत्रासाठी मोडका लिहू?"

"मग साउना थंड राहील."

"मार्ग काढतो. तोवर ते पान वाचणार कोण?"

सगळ्यांनी वाचलं. आणि सगळ्यांनाच शुक्रवारी सहाची वेळ मोकळी दिसली, कारण कोणाचीच नोंद झाली नव्हती. सहा वाजता हिल्ला खाली गेली तेव्हा तळघरात आख्खी इमारत अंघोळीच्या झग्यात उभी होती. जो तो भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडे असा बघत होता, जणू ते आजच बसवलंय.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या आयलीकाकूंना राहवेना. "आमच्या वेळा ढगात ठेवल्यास होय, ताइस्तो? तिथे आधीच तुझं डोकं आहे, जागा कुठली उरणार?"

"मला तर तीनदा आभार आले," शेजारचा केइयो म्हणाला. "एवढे आभार माझ्या लग्नातसुद्धा मानले नव्हते कोणी."

ताइस्तो बादली घेऊन दारात उभे होते. कान लाल, पण मान ताठ. "आज सामुदायिक उद्घाटन आहे. बायका आधी, पुरुष नंतर."

अबोला धरलेली माणसं मांडीला मांडी लावून बसली. बाहेर आली तेव्हा काही जण चक्क बोलत होते.

वर जाताना ताइस्तोंनी लिफ्टमध्ये हळूच विचारलं, "जोडणीचं सोड. पान कसं झालंय?"

"बटणं थोडी मोठी हवीत," हिल्ला म्हणाली.

शनिवारी सकाळी ताइस्तो उठले नाहीत.

अंत्यविधीनंतरच्या कॉफीला केइयोने कपात चमचा बराच वेळ फिरवला. "फळा माझ्याकडे आहे, हिल्ला. परत लावू का? सभेत बाहेरच्या कंपनीचं निघेल, त्यापेक्षा ते बरं."

"थोडं थांबा, केइयोकाका."

टिंबं काढून टाकणं सोपं होतं. हिल्लाने ती काढली नाहीत. शोधता शोधता तिला कळलं की टिंबवाल्या अक्षराला त्या ओळीत टक्क्यांची चिन्हं आणि आकडे घालून लिहायची रीत आहे. दिसायला भयंकर, पण अक्षर तेच. तिने तसं लिहिलं. आभाराचं वाक्य नोंदीच्या मागे नेलं. बटणं मोठी करायला गेली आणि तशीच ठेवली. पुरेशी मोठी होती की ती.

पुढच्या शुक्रवारी ती साउनात एकटीच बसली होती. दारावर टकटक झाली.

"आत कोण आहे?" केइयोचा आवाज. "मी सातला येतो, घाई नाही. फोनवर सहाला ताइस्तो दिसतोय, म्हणून म्हटलं बघावं."

"मीच धरली त्यांच्या नावावर."

"अस्सं." पावलं घुटमळली. "म्हणजे चाललं म्हणायचं."

पावलं दूर गेली. हिल्लाने पळीभर पाणी दगडांवर ओतलं. वाफ चरचरत वर आली आणि तिच्या खांद्यांभोवती बसली.

"चाललं, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. "फार छान केलंत."