तळटिपेतला पाडा

दुपारी तीन वाजता पोस्टमनने हरिश्चंद्राचा प्रबंध परत आणून दिला. साल १९५९, मे महिना, गाव कुणकेश्वर. वर मार्गदर्शकांची चिठ्ठी होती : ‘दोनदा वाचला. समजला नाही. जूनच्या आत सुधारून पाठवा. ही शेवटची संधी.’ पदवी नाही, तर मुंबईच्या कॉलेजातली नोकरीही नाही, हे हरिश्चंद्राला चिठ्ठीत न लिहिताही ठाऊक होते.

त्याला वाढवणारी नर्मदाआते ओटीवर कोकमे फोडत होती. तिला वाचून दाखवायचे त्याने ठरवले. “तत्कालीन सागरी विनिमयव्यवस्थेच्या संरचनात्मक पार्श्वभूमीच्या अनुषंगाने विचार करता...” अर्धे पान झाले तरी वाक्य चालूच होते.

“व्हय म्हाराजा,” आते मध्येच म्हणाली. देवळात गाऱ्हाणे घालताना मानकऱ्याच्या प्रत्येक मागण्याला गाव असेच म्हणतो.

“समाजला तुका?”

“नाय रे. पण तुजो घसो सुकलो.”

हरिश्चंद्राने तिला शपथ घातली. समजले तरच ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे. मग आते गप्पच झाली.

“आते, कायतरी बोल गो.”

“बोलूक जागा खंय आसा? माजो दम संपलो, तुजा वाक्य संपणा नाय.”

त्याने वाक्य तोडले, पुन्हा तोडले. शेवटी उरले ते असे : पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवीत.

“व्हय म्हाराजा,” आते लगेच म्हणाली. हरिश्चंद्राने समासात खूण केली : ‘व्ह. म्हा.’

आठवडाभर हेच चालले. आतेचा गुडघा धरला, पण ती उठली नाही. “तू डाक्टर झालंस काय बघ माजो गुडघो,” ती म्हणायची. तो तसला डॉक्टर होणार नाही, हे त्याने एकदाच सांगून पाहिले होते.

ओटीवरून रोज ‘व्हय म्हाराजा’ ऐकू येते म्हटल्यावर शेजारचा बाबली नारळ घेऊन आला. त्याचा पाडा, म्हणजे गायीचा गोऱ्हा, हरवला होता. “माजो पाडो गावना नाय. तेवढा तुज्या गाऱ्हाण्यात घाल.”

“बाबलीकाका, ह्यो प्रबंध आसा.”

“मगे नर्मदा ‘व्हय म्हाराजा’ कित्याक म्हणता?”

बाबली हलेना, म्हणून हरिश्चंद्राने पानाच्या तळाला फुली मारून लिहिले : ‘बाबलीचा पाडा हरवला आहे.’ बाबली नारळ ठेवून गेला.

मुदत संपत आली होती. टाइप करून परस्पर पोस्टात टाकायला सांगून हरिश्चंद्राने कागद देवगडच्या लवू टंकलेखकाला दिले. प्रबंध मुंबईला गेला, मग कार्बन प्रत घरी आली. ‘पावसाळ्यात गलबते किनाऱ्यावर ओढून ठेवीत. व्हय म्हाराजा.’ प्रत्येक वाक्यामागे तेच. आणि चाळिसाव्या पानावर, रीतसर तळटिपेत, पाडा.

हरिश्चंद्राने देवगड गाठले. लवूच्या चेहऱ्यावर समाधान होते. “तुमी आखडून लिवलात, मी पुरा केलंय. देवाच्या कामात काटकसर कशाक?”

पंधरा दिवस हरिश्चंद्राला जेवण गेले नाही. आते ताटाशी बसून राही. “माज्यामुळा झाला रे,” एवढेच म्हणे, आणि भातावर आणखी कढी वाढी.

मग मार्गदर्शकांचे कार्ड आले. हरिश्चंद्राने सवयीने मोठ्याने वाचले. “प्रबंध वाचला, समजला.”

“व्हय म्हाराजा,” आते म्हणाली.

“समक्ष येऊन भेटा.”

“व्हय म्हाराजा.”

“पाडा सापडला का?”

आते शपथेला जागली. ती गप्प राहिली आणि कुंपणापलीकडे बाबलीच्या रिकाम्या गोठ्याकडे बघत बसली.

पाडा अजून सापडलेला नाही.